नकाशा भिंतीवर टांगायच्या आधी जमिनीवर पसरा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की चौथी-पाचवीची पोरं महाराष्ट्राचे ३६ जिल्हे घडाघडा म्हणून दाखवतात, भिंतीवरच्या नकाशात नाशिक कुठे आणि कोल्हापूर कुठे तेही दाखवतात, पण "आपल्या शाळेच्या उत्तरेला काय आहे?" असं विचारलं की बोट छताकडे जातं. वर शाळा द्विशिक्षकी, तीन वर्ग एका खोलीत, मग भूगोलाला वेळ आणायचा कुठून.

मी सातारा जिल्ह्यात आधी पाटणकडच्या डोंगरातल्या शाळेत होते, मग बदली होऊन माण तालुक्यात आले, त्यामुळे जे लिहितेय ते बहुतेक तिथलंच आहे, तुम्ही तुमच्या गावाप्रमाणे बदलून घ्या.

पहिली गोष्ट, पोरांचं काही चुकत नाहीये. त्यांनी उत्तर दिशा पाहिलीय ती फक्त भिंतीवर, आणि भिंतीवर उत्तर वरच असते. आपणही शिकवताना "वर उत्तर, खाली दक्षिण" असंच म्हणतो. मग नदी उत्तरेकडे वाहते म्हटलं की पोराला वाटतं नदी वर चढतेय, आणि कन्याकुमारी "खाली" असल्यामुळे तिकडं उतार असणार. हे माझ्या वर्गात वर्षानुवर्षं ऐकलंय. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, आधी जमीन, मग जमिनीवर पसरलेला कागद, आणि सगळ्यात शेवटी भिंत. बहुतेक शाळांत हा क्रम नेमका उलटा असतो, पहिल्या दिवसापासून नकाशा खिळ्याला लटकलेला.

दिशांपासून सुरू करा आणि त्याला घाई करू नका, पंधरा दिवस गेले तरी जाऊ देत. "सूर्य उगवतो ती पूर्व" हे वाक्य पाठ असतंच सगळ्यांना, पण ते अर्धंच खरं आहे हे बऱ्याच शिक्षकांच्याही लक्षात येत नाही. सूर्य बरोब्बर पूर्वेला उगवतो तो वर्षातून दोनच वेळा, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. बाकी वर्षभर तो सरकत असतो. आपल्या भागात जूनमध्ये तो पूर्वेच्या डावीकडे म्हणजे उत्तरेला साधारण २५ अंश सरकलेला असतो आणि डिसेंबरमध्ये तेवढाच उजवीकडे. म्हणजे दोन टोकांत ५० अंशाचा फरक, डोळ्यांना सहज दिसतो. पोरांना सांगा, घराच्या एकाच जागेवरून दर पंधरा दिवसांनी बघा सूर्य कशाच्या मागून वर आला, पाण्याच्या टाकीच्या, चिंचेच्या का देवळाच्या कळसाच्या, आणि वहीत क्षितिजाचं चित्र काढून तारीख टाका. याला पैसा लागत नाही, तास लागत नाही, घरी होतं. डिसेंबरच्या शेवटी सूर्य थांबतो आणि परत फिरतो हे पोरांनीच येऊन सांगितलं पाहिजे. मग उत्तरायण म्हणजे काय हे शिकवायला लागत नाही, आणि एखादं हुशार पोरगं विचारतंच की बाई, संक्रांत तर १४ जानेवारीला, मग सूर्य आधीच कसा फिरला. हा प्रश्न दाबू नका, कौतुक करा त्याचं.

गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना दिशा आपल्यापेक्षा चांगल्या कळतात. "उगवतीकडचं शेत", "मावळतीचा बांध" असं ते बोलतात. पोरांना घरी पाठवा, आजोबांना विचारून या आपल्या शेताच्या चारी बाजूंना कुणाकुणाचं रान आहे. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्याच असतात, पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस रस्ता. दुसऱ्या दिवशी पंचवीस पोरं पंचवीस चतुःसीमा घेऊन येतात आणि उत्तर दिशेला कधी नव्हे तो अर्थ येतो, कारण आता उत्तरेला चुलत्याची विहीर आहे.

आता शाळेच्या अंगणात उत्तर नेमकी शोधायची. मोबाईलमधलं होकायंत्र वापरता येतं, पण लोखंडी कपाट, बेंच, गेट यांच्याजवळ ते भलतंच दाखवतं, म्हणून मोकळ्या मैदानात जाऊनच बघा. माझी पसंती मात्र काठीला. एक मीटरची सरळ काठी ओळंबा लावून उभी रोवायची, तिच्या बुडाला सुतळी बांधून भोवती एक वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला आत येताना जिथं टेकतं तिथं खडा ठेवायचा, दुपारी सावली लांबत बाहेर जाताना जिथं टेकते तिथं दुसरा खडा. दोन खड्यांमधून दोरी ताणली की ती पूर्व-पश्चिम. तिच्या मधोमध काटकोनात दुसरी दोरी, ती उत्तर-दक्षिण. आपल्या जुन्या ज्योतिर्विदांची शंकू लावायची पद्धत हीच. वर्तुळ एवढं घ्या की सकाळी अकराच्या सुमाराला सावली टेकेल, म्हणजे दुपारची खूण दोनच्या आसपास येते आणि दोन्ही शाळेच्या वेळात बसतात.

आणि एक, "दुपारी बारा वाजता सावली सगळ्यात लहान" असं सांगू नका. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलंय, ते मिर्झापूरजवळून जातं. साताऱ्याचं रेखावृत्त ७४ च्या आसपास, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्याकडं खरी दुपार साधारण अर्धा-पाऊण तास उशिरा होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती सव्वाबाराच्या जरा पुढे येते, फेब्रुवारीत जवळजवळ पाऊण वाजता. पोरांनी पावणेबारापासून एक वाजेपर्यंत दर दहा मिनिटांनी सावली मोजली की ती घड्याळाशी भांडायला लागतात, आणि ते भांडण फार मोलाचं आहे. डिसेंबरात एक मीटर काठीची दुपारची सावली साताऱ्यात ८५-९० सेंटीमीटर भरते आणि फेब्रुवारी-मार्चकडे येता येता झरझर कमी होते. मे महिन्यात एक दिवस ती नाहीशीच होते, शून्य सावलीचा दिवस, साताऱ्याकडे साधारण १० मेच्या आसपास आणि नागपूरकडे मे संपता संपता, पण तेव्हा शाळेला सुट्टी असते. घरी बघायला सांगा. ऑगस्टच्या सुरुवातीला तो दिवस परत येतो पण तेव्हा ढग. महाराष्ट्र सगळाच्या सगळा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे म्हणून आपल्याला हे बघायला मिळतं, दिल्लीच्या पोरांना कधीच मिळत नाही.

उत्तर सापडली की ती वर्गाच्या फरशीवर रंगवून टाका, चांगला ठळक बाण, वर्षभर पुसायचा नाही. इथून पुढे कुठलाही नकाशा उघडायचा तो त्या बाणाला जुळवून फरशीवरच. पोरं भोवती बसतात, कोण नकाशाच्या उत्तरेला बसलाय, कोण दक्षिणेला, अक्षरं काहींना उलटी दिसतात, दिसू देत. मी महाराष्ट्राचा नकाशा असा पसरून एखाद्याला साताऱ्यावर उभं करते आणि म्हणते, मुंबईकडे हात कर. हात केला की तो हात खरोखर मुंबईच्याच दिशेला असतो, भिंतीपलीकडे, शेतापलीकडे, डोंगरापलीकडे. हे जेव्हा पोराच्या डोक्यात उतरतं ना, की कागदावरचा हात आणि खरा हात एकाच दिशेला आहे, तिथून पुढे नकाशा वाचणं सुरू होतं. त्याआधीचं सगळं पाठांतर.

आता जमीन कागदावर कशी आणायची. पोरांना घर काढायला सांगितलं की ती समोरून काढतात, दार, खिडकी, वर त्रिकोण. वरून दिसणारं घर ही गोष्ट त्यांनी पाहिलेली नसते. म्हणून टेबलावर मोठा कागद, त्यावर काडेपेटी, फुलपात्र, डस्टर, पेन्सिलचा डबा ठेवायचा आणि प्रत्येकाभोवती पेन्सिल फिरवायची. वस्तू उचलल्या की उरतो तो आराखडा. मग एका पोराला बाहेर पाठवायचं, एक वस्तू कागदावर ठेवून काढून घ्यायची, त्यानं येऊन फक्त रेषा बघून ओळखायचं कुठली होती. गोल कशाचा, फुलपात्राचा का डिंकाच्या बाटलीचा? इथंच पोरं म्हणतात की बाई नाव लिहू या, किंवा खूण करू या. नकाशातली सूची अशी त्यांच्या गरजेतून यायला हवी, पुस्तकातला चौकोन दाखवून "याला सूची म्हणतात" असं नको.

नंतर वर्ग. पावलांनी मोजायचा, एका पावलाला वहीचा एक चौकोन. पोरांची पावलं वेगळी असतात त्यामुळे खोली कुणाची १४ पावलं भरते, कुणाची १७, भांडणं होतात, मग मीटरपट्टी आणायची पाळी येते, आणि प्रमाण म्हणजे काय ते या भांडणातून कळतं. नंतर शाळा आणि अंगण, मग वाडी. वाडीच्या पहिल्या नकाशात प्रत्येकाचं स्वतःचं घर शाळेपेक्षा मोठं निघतं आणि ज्या रस्त्यानं पोरगं कधी गेलं नाही तो रस्ताच गायब असतो. खोडरबर घेऊन दुरुस्त करायला जाऊ नका. सगळ्यांचे नकाशे फरशीवर शेजारी शेजारी मांडा, त्यांनाच कळतं की मारुतीचं देऊळ एकानं ओढ्याच्या अलीकडे काढलंय आणि दुसऱ्यानं पलीकडे, मग उठून बघायला जायचं. हे झाल्यावर मग मोबाईलवर उपग्रहाचं चित्र उघडा, शाळेचं पत्र्याचं छप्पर दिसतं तेव्हा जो आरडाओरडा होतो तो होऊ द्या. फक्त फोन फिरवला की नकाशाही फिरतो, ती सोय आधी बंद करून उत्तर वर ठेवा, नाहीतर आतापर्यंतची सगळी मेहनत वाया. आधी फोन आणि मग अंगण असं करू नका, चित्र आयतं मिळालं की पोरं स्वतः काढायच्या भानगडीत पडत नाहीत.

गाव-तालुका-जिल्हा-राज्य याच्यात पोरं गोंधळतात, "तू साताऱ्यात राहतोस का महाराष्ट्रात?" म्हटलं की एकच उत्तर देतात. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ जां पियाजे यांनी जिनिव्हाच्या मुलांना असंच विचारलं होतं, लहान मुलांना आपण एकाच वेळी जिनिव्हाचे आणि स्वित्झर्लंडचे कसे हे पटत नव्हतं. तेव्हा हे वयाचं आहे, ढपणाचं नाही. एकात एक बसणारे स्टीलचे डबे आणा, सगळ्यात लहान डब्यात वाडीचं नाव लिहिलेली चिठ्ठी, मग गाव, तालुका, जिल्हा, राज्य, देश. दोन दिवसांचं काम.

आता डोंगर-नदी, आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, म्हणून जरा लांबेल. शाळेच्या मागं मातीचा ढीग घाला, चार-पाच फूट लांब, उत्तर-दक्षिण. पश्चिमेची बाजू एकदम कड्यासारखी उभी कापा, पूर्वेची बाजू हळूहळू उतरत लांबवर न्या. पश्चिमेच्या पायथ्याला अगदी जवळ एक परात पाणी, तो अरबी समुद्र. पूर्वेला जमेल तेवढ्या लांब दुसरी परात, तो बंगालचा उपसागर. मग झारीनं ढिगाच्या माथ्यावर हळूहळू पाणी घाला आणि गप्प बसा. पश्चिमेचं पाणी धबाधबा उतरून परातीत जातं, घळ्या आखूड आणि खोल. पूर्वेचं पाणी रेंगाळतं, दोन ओघळ एकमेकांना मिळतात, वाटेत माती टाकतात, पुढं जातात. पोरांना एकच प्रश्न, माथ्यावर एका बोटाच्या अंतरानं पडलेले दोन थेंब कुठं कुठं गेले?

मग जुन्या महाबळेश्वरचं पंचगंगेचं देऊळ सांगा. आपल्याकडची बरीच पोरं सहलीला गेलेली असतात, गोमुखातून पाणी पडतं तिथं फोटो काढलेले असतात. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री, पाच नावं एका देवळात. त्यातली सावित्री पश्चिमेला कड्यावरून उतरते, पोलादपूर-महाडवरून बाणकोटच्या खाडीत अरबी समुद्राला मिळते. आणि कृष्णा? अरबी समुद्र तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवर, पण ती पाठ फिरवून पूर्वेला जाते, वाई, सांगली, पुढं कर्नाटक, तेलंगण, आंध्र, आणि साधारण १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. ढीग बघितलेलं पोरगं याचं कारण स्वतः सांगतं. त्याला "पठाराचा उतार पूर्वेकडे आहे" हे वाक्य द्यावंच लागत नाही, आणि गोदावरी त्र्यंबकेश्वरहून, भीमा भीमाशंकरहून तशीच पूर्वेला का जाते हेही ते लगेच जोडतं. मग तापी-नर्मदा उलट्या पश्चिमेला कशा जातात असं विचारलं तर सांगा की त्या खचलेल्या लांब दऱ्यांमधून वाहतात, आपल्या ढिगात तशी दरी बोटानं काढून दाखवता येते.

पाटणला असताना याच्या पुढची गंमत हाताशी होती. कोयना महाबळेश्वरला उगम पावून सह्याद्रीच्या कडेकडेनं दक्षिणेला येते, हेळवाकला काटकोनात वळते आणि पूर्वेला जाऊन कऱ्हाडला कृष्णेला मिळते. धरण त्या वळणापाशी. शिवसागराचं, म्हणजे त्या धरणाच्या जलाशयाचं, पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीला सोडतात, तिथं वीज तयार होते आणि ते पाणी वाशिष्ठीतून चिपळूणवरून अरबी समुद्राला जातं. म्हणजे बंगालच्या उपसागराला जायला निघालेलं पाणी माणसानं परत फिरवलं. मातीच्या ढिगाला आडवी काठी घालून बोगदा केला आणि खरंच त्यातून पाणी पलीकडे पडलं तेव्हा पोरं नाचली होती. वीज का तयार होते याचंही उत्तर ढिगातच आहे, पश्चिमेची उतरण उभी आहे म्हणून. आणि त्या गावांतल्या आज्या-आजोबांना ११ डिसेंबर १९६७ ची पहाट अजून आठवते, भूकंप शिकवायचा तर त्यांना वर्गात बोलवा, पुस्तक नंतर उघडा.

ढीग घालायला जागा नसली तर कागद चुरगळा. जाड कागद मुठीत चुरगळून अर्धवट उघडायचा, जे उंचवटे राहतील त्यांच्या धारेवर निळ्या स्केचपेननं रेघा ओढायच्या आणि वरून पाण्याचा बारीक फवारा. रंग ओघळून दऱ्यांत जमतो, नद्या आणि तलाव दिसायला लागतात. मग विचारा, गाव कुठं वसवशील, धरण कुठं बांधशील, आणि धरणानं कुठलं गाव बुडेल. शेवटचा प्रश्न सोडू नका, पाटणच्या वर्गात त्याचं उत्तर काही पोरांच्या घरातच असतं.

मातीच्या ढिगात पाऊस कुठं जास्त कुठं कमी हे मात्र दाखवता येत नाही, पंखा लावून वगैरे करणारे आहेत पण पोरांना पंखाच लक्षात राहतो. त्यापेक्षा पाऊस खऱ्या मापानं दाखवा. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस, पाचगणी तिथून वीसेक किलोमीटरवर पूर्वेला, पाऊस निम्म्याहूनही कमी, आणि आमच्या माणमध्ये ५०० च्या आसपास. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून खऱ्या लांबीच्या पट्ट्या करा. माणची पट्टी अर्धा मीटर, पोरांच्या मांडीपर्यंत. महाबळेश्वरची पाच मीटरच्या वर, वर्गात उभी करताच येत नाही, दारातून बाहेर व्हरांड्यात जाते. एकाच जिल्ह्यातला पाऊस आहे हा! पट्टी बघून माणमधली पोरं जरा वेळ गप्पच होतात, मग प्रश्न सुरू होतात, की ढग तिकडंच का रिकामे होतात, आपल्याकडं का येत नाहीत. तेव्हा सांगायचं की समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीला अडून वर चढतो, वर गार पडतो, पाणी तिथंच सोडतो आणि आपल्याकडं उतरतो तो कोरडा होऊन. आधी सांगितलं असतं तर ते एक वाक्य झालं असतं.

पर्जन्यमापक तर कराच. बाजूनं सरळ असलेला डबा उत्तम. कोल्ड्रिंकची बाटली घेतली तर बूड खळग्याखळग्यांचं असतं, तेव्हा आत खडे आणि पाणी भरून एक सपाट पातळी करा, शून्याची खूण तिथून. वरचा तुकडा कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवा, पण तोंड आणि पोट एकाच रुंदीचं हवं, नाहीतर माप चुकतं. झाडाखाली, पत्र्याच्या पन्हाळीखाली ठेवायचा नाही. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं, शाळेजवळ राहणाऱ्या पोरावर ते काम सोपवा आणि फळ्याच्या कोपऱ्यात आकडा लिहीत जा. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेलं की अतिवृष्टी, पंचनामे होतात ते यावरूनच, शेतकऱ्याच्या पोराला या आकड्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. आणि गणित इथंच उरकून घ्या, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर ६० चौरस मीटर असेल आणि १० मिलिमीटर पडला तर ६०० लिटर. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर येतो, त्यामुळे हा हिशोब पोरं जीव लावून करतात.

पोरांना जो भूगोल आधीच येतो तो विचारत जा, फार विचारत जा. माझ्या वर्गात एक मेंढपाळाची मुलगी होती, दिवाळीनंतर आई-बापाबरोबर मेंढरं घेऊन कोकणात जायची आणि महिने बुडायची, म्हणून "मागे पडलेली" अशी तिची नोंद. मी तिला फरशीवर खडूनं वाट काढायला सांगितली. तिनं काढली ती अशी, इथं पहिला मुक्काम कारण इथं विहीर, इथं दोन दिवस कारण रानात कांद्याची पात मिळते आणि शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेतो, इथं घाट, कोकरं घोड्यावर बांधायची, घाट उतरल्यावर हवा चिकट, मेंढरांचे खूर कुजतात म्हणून ओल्या रानात बसवायची नाहीत, भात कापलेल्या खाचरात बसवायची. उगम, उतार, हवामान, माती, पिकं, बाजार, सगळं त्या एका रेघेवर होतं. त्या दिवसापासून ती वर्गाची नकाशावाली झाली, कुणी नवीन गाव सांगितलं की पोरं तिला विचारायची इथं पाणी कुठं मिळतं.

आमच्या माण-खटावकडची बरीच घरं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी सगळ्या देशभर पसरलेली. भारताचा नकाशा शिकवायचा तेव्हा मी राजधान्या घेत नाही पहिल्यांदा. "तुझा मामा कुठं असतो?" असं विचारते. चेन्नई, कोइमतूर, आग्रा, कोलकाता, एकेक दोरा आपल्या गावापासून तिथपर्यंत. कोण कुठल्या गाडीनं जातं, किती रात्री लागतात, तिथं काय खातात, भाषा कुठली. दोऱ्यांचं जाळं झालं की मग राज्यांची नावं, आणि ती पटापट बसतात कारण प्रत्येक राज्यात आता कुणाचातरी माणूस आहे. तुमच्याकडं गलाईवाले नसतील, ऊसतोडीला जाणारे असतील, मुंबईला माथाडी असतील, कुणाचा भाऊ सैन्यात असेल. नसलंच काही तर पोषण आहाराची खिचडी आहेच. माणमध्ये भात पिकत नाही, मग तांदूळ कुठून येतो? हळद बहुतेक सांगलीच्या बाजारातली, मीठ बहुधा गुजरातचं. पोतं, पुडी, पिशवी यावरचे पत्ते वाचायला लावा, पोरांना वाचनाचा सरावही होतो.

पृथ्वीगोलाबद्दल फार लिहीत नाही, तो पाचवीला येऊ दे, आधी नको. एकच करा, गोलावर भारतात मातीचा छोटा माणूस चिकटवा आणि दुसरा दक्षिण अमेरिकेत, आणि गोल हवा तसा फिरवून विचारा "खाली" कुठं आहे. प्रत्येकाचं खाली म्हणजे गोलाच्या पोटाकडे, हे पोरांच्या तोंडून येईपर्यंत पुढं जाऊ नका, नाहीतर ती पृथ्वी गोल आहे असं लिहितात आणि मनात सपाट थाळीच ठेवतात. टॉर्च लावून दिवस-रात्र दाखवताना गोल पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवायचा, घाईत उलटा फिरतो बऱ्याचदा. दुबईला कुणी असेल तर वर्गातून फोन लावा, आपल्या साडेबाराला तिथं अकरा वाजलेले असतात.

आता वेळ. द्विशिक्षकी शाळेत भूगोलाचा वेगळा तास काढायला गेलात तर निघणारच नाही. मी काय करते, तिसरी ते पाचवी एकत्र बाहेर काढते आणि काम एकच देते, प्रश्न वेगळे. ढिगावर पाणी सगळ्यांनी बघायचं, तिसरीनं चित्र काढायचं, चौथीनं बाण आणि नावं टाकायची, पाचवीनं का ते लिहायचं. सावली मोजणं गणितात धरा, आजोबांच्या मुलाखती मराठीत, पत्ते वाचणं वाचनात. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्तेच्या पेपरात "राम उत्तरेकडे चार किमी गेला, उजवीकडे वळला" असले प्रश्न असतात, ते अंगणात चालून सोडवले की पालकही कुरकुर करत नाहीत, आणि फरशीवरच्या बाणावर वाढलेली पोरं त्यात चुकत नाहीत.

चाचणी घ्याल तेव्हा जिल्ह्यांची यादी मागू नका, ती त्यांना येतेच. त्याऐवजी विचारा, शाळेच्या दारात उभं राहून तोंड पुण्याकडे केलं तर समुद्र कुठल्या हाताला? गावातल्या ओढ्यात कागदाची होडी सोडली तर ती कुठल्या कुठल्या नदीतून जाईल? (आमची होडी माणगंगेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत.) सूर्य आज देवळाच्या डाव्या बाजूनं उगवला, तर महिना कुठला असेल? ज्याला हे येतं त्याला नकाशा येतो.

रेखानकाशा रंगवणं मी जवळजवळ बंद केलंय. अर्धा तास विदर्भ हिरवा करण्यात जातो आणि विदर्भाबद्दल काही कळत नाही. रंगवायचाच असेल तर पावसाच्या आकड्यांनी रंगवा, म्हणजे रंगाला कारण असतं.

तुमच्या गावचा नकाशा तलाठ्याकडे असतो, गट नंबरवार, एक झेरॉक्स मागून आणा, पोरांना स्वतःचं शेत त्यावर सापडलं की ती तासभर हलत नाहीत. ओढ्यावर, टेकडीवर न्यायचं तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांना आदल्या दिवशी निरोप, गावातला एक जाणता माणूस बरोबर, आणि भर पावसात ओढ्याकडे अजिबात नाही, डोंगरात वर कुठं पाऊस झाला की खाली पाणी अचानक वाढतं. ओढा बघायचा तर ऑक्टोबर उजाडू द्या. काठी रोवायला मात्र थांबायचं कारण नाही, आकाश मोकळं असलं की उद्याच रोवा.